सेनापती, सत्याग्रही बाया आणि आपला नळ

(ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातल्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)

आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. पाण्यासाठी मोर्चे काढायची वेळ आली की आपल्या बैठकांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं. "निवेदनं देऊन देऊन हात दुखले. वस्तीवरून ती मोठी पाइपलाइन जाते ना, तीच एकदा फोडू या. मग बघू साहेब कसे येत नाहीत ते!" कुणी हसत म्हणतं, कुणी अगदी मनापासून म्हणतं. पहाटे तीनला उठून हंडे भरणाऱ्या आणि सातला कामावर जाणाऱ्या बाईचा तो संताप आहे. तो उडवून लावण्यासारखा नाही आणि नुसत्या टाळ्यांनी उचलून धरण्यासारखाही नाही. म्हणून ठरलं, की अशी मोडतोड करून तुरुंगात गेलेल्या एखाद्या माणसाचं आयुष्य नीट समजून घ्यायचं. जंगल वाचवण्यासाठी, नदी वाचवण्यासाठी यंत्रं बंद पाडून तुरुंगात गेलेली माणसं परदेशांत आहेत. पण त्यासाठी इतक्या लांब जायला नको. धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवून सात वर्षं सक्तमजुरी भोगलेला माणूस आपल्याकडेच होऊन गेला. त्याच्या नावाच्या रस्त्यावरून आपण कितीदा तरी गेलोय. सेनापती बापट.

दादरहून परळकडे जाणारा सेनापती बापट मार्ग तुम्हाला ठाऊक आहे. पुण्यातही त्यांच्या नावाचा रस्ता आहे. पण "हे सेनापती कुठल्या सैन्याचे?" असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. सैन्य होतं ते मुळशीच्या मावळ्यांचं. आणि त्या सैन्यात बाया होत्या. आज मला या माणसाबद्दल बोलायचं आहे, आणि त्याहून जास्त त्या बायांबद्दल.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. हुशार विद्यार्थी. डेक्कन कॉलेजात शिकले आणि शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये इंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठी एडिंबरोला गेले. तिथे इंग्रजी राज्याविरुद्ध उघड भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. मग लंडनचं इंडिया हाऊस, सावरकरांची ओळख, आणि पुढे पॅरिसमध्ये एका रशियन क्रांतिकारकाकडून बाँब बनवायची विद्या. ती घेऊन ते १९०८ मध्ये परत आले. अलीपूर बाँब खटल्यात पोलीस शोधू लागले तेव्हा काही वर्षं भूमिगत राहिले. १९१२ मध्ये इंदूरला पकडले गेले, पुढे पुराव्याअभावी सुटले.

एवढं ऐकल्यावर आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक क्रांतिकारक उभा राहतो. पण सुटून आल्यावर या माणसाने हातात घेतला तो झाडू. पारनेरला ते पहाटे उठून रस्ते झाडत, गटारं साफ करत. ब्राह्मणाच्या घरी जन्मलेला, विलायतेहून आलेला माणूस १९१५ च्या सुमारास गावची घाण काढतोय, याचा अर्थ त्या काळात काय होता ते आपण समजू शकतो. मुलाच्या बारशाला त्यांनी पहिली पंगत अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांची बसवली होती. पुढे मुंबईत झाडूवाल्यांच्या संपातही ते पुढे होते.

इथे जरा थांबू या. पुरुषाने झाडू हातात घेतला की त्याचा इतिहास होतो. आपल्या आया-आज्यांनी जन्मभर झाडू मारला, त्याची ओळही कुठे नाही. हे मी बापटांना कमी लेखायला म्हणत नाही. त्यांनी ते काम कमीपणाचं मानलं नाही, हे मोठंच आहे. फक्त इतिहास वाचताना आपण हा चष्मा डोळ्यांवर ठेवायचा, एवढंच. पुढे मुळशीत तो उपयोगी पडणार आहे.

आता मुळशीकडे वळू. पुण्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कुशीत मुळशी पेटा. नीला आणि मुळा या नद्यांचं खोरं. आंबेमोहोर तांदळासाठी प्रसिद्ध असलेली जमीन. मुंबईच्या गिरण्यांना विजेची भूक लागली होती. टाटांनी घाटमाथ्यावर पाणी अडवायचं, ते कोकणात खाली सोडायचं आणि वीज करायची, अशा योजना आखल्या. खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. ही दोन्ही स्टेशनं आपल्या कर्जत-खोपोलीच्या गाड्यांच्या पाटीवर आपण रोज वाचतो. तिसरं केंद्र रायगड जिल्ह्यातलं भिरा, १९२७ चं. त्याच्यासाठी जे धरण बांधलं ते मुळशीचं. पन्नासहून अधिक गावं आणि अकरा हजारांच्या आसपास माणसं त्यात उठणार होती.

सुरुवात कशी झाली, ऐका. जमिनी ताब्यात घेण्याआधीच कंपनीच्या माणसांनी शेतांतून चर खणायला सुरुवात केली. एका शेतकऱ्याने "माझ्या रानात का खणता?" म्हणून हरकत घेतली, तर गोऱ्या अधिकाऱ्याने त्याच्यावर पिस्तूल रोखलं. म्हणजे हत्यार पहिल्यांदा कुणी काढलं, ते लक्षात ठेवायला हवं. आंदोलनाच्या हिंसेची चर्चा नेहमी शेवटच्या दगडापासून सुरू होते. पहिलं पिस्तूल कुणी दाखवलं, हे विचारायचं राहूनच जातं.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. बाराशेच्या आसपास माणसं धरणाच्या जागेवर गेली आणि बसली. पुरुष होते, बाया होत्या, मुलं होती. "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा. कुणी काही फोडलं नाही, जाळलं नाही. माणसं नुसती बसली. काम बंद पडलं. जवळजवळ महिनाभर हे चाललं आणि शेवटी कंपनीला सहा महिने काम थांबवायचं कबूल करावं लागलं. गांधीजींनी तेव्हा 'यंग इंडिया'त लिहिलं, की एका गरीब माणसाच्याही इच्छेविरुद्ध होणार असतील तर या योजनेच्या फायद्यांना काय किंमत आहे? कायद्याच्या हक्कावर अडून न बसता टाटांनी लोकांशी बोलावं, असा त्यांचा सल्ला होता.

म्हणजे, मैत्रिणींनो, बलाढ्य कंपनी आणि तिच्या पाठीशी इंग्रज सरकार असताना धरणाचं काम प्रत्यक्षात थांबवलं ते कुणी? बाराशे बसलेल्या माणसांनी. त्यातल्या बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. बायांमधलं जाईबाई भोईटे हे एक नाव मुळशीच्या आठवणीत टिकून आहे. पण चूल विझवून, पोर कडेवर घेऊन एप्रिलच्या उन्हात जाऊन बसलेल्या बाकीच्या बायांची नावं? त्या काळची यादी करणाऱ्याच्या दृष्टीने त्या कुणाच्या तरी बायका होत्या, कुणाच्या तरी आया होत्या.

मग हा लढा हरला कसा? १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या मदतीला आला. त्या कायद्यात एकच प्रश्न महत्त्वाचा होता: जमीन कागदावर कुणाच्या नावावर आहे? मुळशीची बरीचशी जमीन कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावावर चढलेली होती. कसत होता मावळा, कागद होता सावकाराचा. नुकसानभरपाईचे दर वाढले तसे सावकारांना धरण गोड वाटू लागलं. ज्यांनी एके काळी लढ्याला पाठिंबा दिला, त्यातल्या काहींनी मागच्या दाराने पैसे घ्यायची तयारी केली. डिसेंबर १९२१ मध्ये सत्याग्रह पुन्हा सुरू झाला, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आणि बापट हे पुढे होते, शेकडो लोक तुरुंगात गेले. पण पायाखालची वाळू सरकत होती. खालचा पाया कागदाने पोखरला होता.

तुरुंगात काय झालं तेही सांगते. मुळशीच्या काही कैद्यांना येरवड्याला ठेवलं होतं. काम नाकारलं म्हणून त्यांना फटक्यांची शिक्षा दिली गेली. गांधीजी तेव्हा त्याच तुरुंगात होते, त्यांनी हा प्रश्न तुरुंगाच्या अधिकाऱ्यांकडे लावून धरला. म्हणजे ही आत जाण्याची गोष्ट फोटो काढून संध्याकाळी सुटण्याची नव्हती. पाठीची सालं निघाली होती.

बापटांचा सत्याग्रह गांधीजींच्या सत्याग्रहापेक्षा वेगळा होता. ते त्याला 'शुद्ध सत्याग्रह' म्हणत. अन्याय थांबवण्यासाठी वेळ पडली तर बळ वापरायला त्यांची ना नव्हती. मात्र जो ते वापरेल त्याने स्वतःचा जीव पणाला लावला पाहिजे, केलेली गोष्ट उघडपणे मान्य केली पाहिजे आणि शिक्षा अंगावर घेतली पाहिजे, असं ते मानत. १९२४ मध्ये, लढा विझत आलेला असताना, त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी रुळांवर दगड रचून अडवली. हातात शस्त्रं होती. खटला झाला, सात वर्षांची शिक्षा झाली. सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात ती भोगून ते १९३१ मध्ये सुटले. त्याआधीही मुळशीसाठी ते तुरुंगात जाऊन आलेले होतेच. पुढे भाषणांवरून पुन्हा शिक्षा झाली, ते १९३७ ला सुटले. नंतर गोव्याचा सत्याग्रह, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, सगळीकडे हा म्हातारा पुढे होता. २८ नोव्हेंबर १९६७ ला ते गेले.

आता मला जे म्हणायचं आहे त्याकडे येते.

या माणसाच्या धैर्याबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. पण दोन कृती शेजारी शेजारी ठेवून बघा. १९२१ मध्ये बाराशे माणसं बसली, काम सहा महिने थांबलं. १९२४ मध्ये मूठभर माणसांनी गाडी अडवली, गाडी काही वेळ थांबली आणि सेनापती सात वर्षं आत गेले. धरण पुरं झालं. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. गाडी अडवली म्हणून लढा हरला, असं मी म्हणत नाही. माणसं पांगली होती, कागद हातचे गेले होते, म्हणून गाडी अडवायची वेळ आली. मोडतोड हे बहुतेक वेळा एकटं पडल्याचं लक्षण असतं. शंभर जणी असतात तेव्हा पाइप फोडायचं कुणाला सुचत नाही. बैठकीला सातच जणी उरतात तेव्हा ते सुचतं.

आणि गौरव कुणाचा होतो? एकट्याचा. एकट्याचं चरित्र लिहिता येतं, पुतळा उभारता येतो, रस्त्याला नाव देता येतं. बसून राहिलेल्या बाराशे जणांचा पुतळा कसा करणार? म्हणून आपल्या मनातही लढा म्हटलं की सेनापतीच येतो. गंमत अशी, की मुंबईतला सेनापती बापट मार्ग जातो तो गिरण्यांच्या भागातून. ज्या गिरण्यांच्या विजेसाठी मुळशी बुडाली, त्यांच्या दाराशी त्यांचं नाव लागलं. आता तर तिथे गिरण्याही नाहीत, मॉल आणि ऑफिसं आहेत. वीज खाल्ली कुणी, घाम गाळला कुणी, घर गेलं कुणाचं, आणि पाटीवर नाव कुणाचं!

एकत्र नकार दिला की काय होतं, याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातही आहे. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे वारली आले होते. त्याच वर्षी डहाणू, तलासरी भागात हजारो वारल्यांनी वेठ करायला नकार दिला. गोदावरी परुळेकर त्यांच्यामध्ये राहून काम करत होत्या. गोळीबार झाला, माणसं मेली, पण वेठबिगारी मोडली. तिथे हत्यार एकच होतं. हजारो हातांनी एकाच दिवशी "करणार नाही" म्हटलं. त्या हातांत बायांचे हात निम्मे होते.

आता आपल्या नळाकडे येऊ. इथे विषय अवघड होतो, कारण मुळशीच्या गोष्टीत आपण आपोआप मावळ्यांच्या बाजूला जाऊन बसतो. खरं तर आज आपण कुठे बसलोय? मुळशीची वीज मुंबईला गेली. मुरबाड-शहापूरचं पाणी आपल्याकडे येतं. कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ या सगळ्या पट्ट्याला पाणी देणारं बारवी धरण १९७२ चं, पुढे त्याची उंची वाढवत नेली. शेवटच्या वाढीत आणखी गावं पाण्याखाली गेली. मुंबईसाठी तानसा, भातसा, वैतरणा शहापूरच्या परिसरात आहेत, आणि त्याच शहापुरात दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट बघितली जाते. धरणाच्या जवळच्या एका गावात पाणी भरायला माणूस हवं म्हणून पुरुषांनी दुसरी, तिसरी बायको केल्याच्या बातम्या २०१५ च्या सुमारास परदेशी वर्तमानपत्रांतसुद्धा आल्या. लोकांनी चमत्कारिक गोष्ट म्हणून वाचल्या. आपण त्या काय म्हणून वाचायच्या? नळाचं काम बाईच्या डोक्यावर टाकलं, एवढाच त्याचा सरळ अर्थ आहे.

मुरबाड तालुक्यात काळू नदीवर धरण बांधायचा घाट घातला गेला, तो आपल्यासारख्या शहरांना पाणी हवं म्हणून. जवळपास हजार हेक्टर वनजमीन त्यात जाणार. वनखात्याची परवानगी येण्याआधीच २०११ मध्ये काम सुरू झालं. मुळशीत जमीन ताब्यात येण्याआधी चर खणले होते, तसंच. पण इथे एक फरक पडला. श्रमिक मुक्ती संघटनेबरोबर आदिवासी गावं उभी राहिली, ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, इंदवी तुळपुळेंसारख्या कार्यकर्त्या वर्षानुवर्षं पाड्यांवर काम करत होत्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०१२ मध्ये न्यायालयाने काम थांबवलं. कुणी यंत्र फोडलं नाही. कागदाने मुळशी बुडवली होती. काळूच्या खोऱ्यात लोकांनी कागद आपल्या हातात घेतला. ही लढाई संपलेली नाही. धरणाचा विषय पुन्हा पुन्हा वर काढला जातो. आणि तो वर काढताना कारण म्हणून कुणाला पुढे केलं जातं माहीत आहे? आपल्या हंडामोर्च्याला! "कल्याण-डोंबिवलीच्या भगिनी तहानल्या आहेत," असं म्हणून.

हे मला सगळ्यांत जास्त बोचतं. मी एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून शहरातल्या वस्त्यांमध्ये काम करतेय आणि महिन्या-दोन महिन्यांतून मुरबाडकडच्या पाड्यांवरही जाते. इथली बाई म्हणते, पाणी द्या. तिथली बाई म्हणते, आमचं रान राहू द्या. दोघींच्या डोक्यावर हंडा आहे. दोघींना एकमेकींच्या समोर उभं करून तिसराच कुणी ठेका घेऊन जातो. एका पाड्यावरची म्हातारी मला म्हणाली होती, "बाय, तुमच्या पोरींनाबी पानी लागतं, मला ठावं हाय. पन तुमच्याकडं पोहायच्या तळ्याला बी पानी हाय म्हनं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा. आपल्या शहरात पाणी कमी आहे, की वाटप वाकडं आहे? एका इमारतीत गाड्या धुतल्या जातात आणि पलीकडच्या चाळीत दिवसाआड पाणी. नवं धरण मागण्याआधी हा हिशेब मागायला हवा.

कागदाचाही प्रश्न बायांच्या बाजूने बघा. मुळशीत कसणाऱ्याचं नाव कागदावर नव्हतं. आपल्याकडे कसणारीचं नाव आजही नसतं. पाहणी करणारा माणूस येतो, "घरात कर्ता कोण?" विचारतो आणि नवऱ्याचं, नाहीतर दिराचं नाव लिहून घेतो. मी अशा एका पाहणीच्या वेळी शेजारी बसले होते. भात लावणारी, रानातून मोह वेचणारी बाई, तिच्यापुढे 'काही नाही' असं लिहिलं गेलं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बायांना स्वतंत्र कुटुंब धरलंय. प्रौढ अविवाहित मुलगीही स्वतंत्र कुटुंब आहे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला मिळाला. पण पाहणीच्या दिवशी हे सांगणारं कुणी तिथे हजर नसेल, तर कायदा कपाटातच राहतो. बारवीच्या विस्थापितांना कुटुंबामागे एक नोकरी द्यायचं ठरलं. घरात एकच नोकरी येते तेव्हा ती कुणाला मिळते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता पाइपलाइन फोडण्याबद्दल. मी पोलिसांच्या बाजूने बोलत नाही. कायदा काय आहे तो मात्र माहीत असू द्या. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान रोखण्यासाठी १९८४ चा कायदा आहे. त्यात पाणी आणि वीजपुरवठ्याच्या बांधकामाचं नुकसान केलं तर कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षं सक्तमजुरी आहे. हे पुरुष कार्यकर्त्यालाही जड जातं. बाईला किती जड? पुरुष तुरुंगातून आला की हार घालतात. बाई आली की सासू विचारते, "आत कुणाकुणाबरोबर होतीस?" धुणंभांडी करणारीचं काम दुसऱ्याच दिवशी जातं. पाच वर्षं तारखांना जायचं तर रोजी कोण देणार? आणि सेनापती सात वर्षं आत असताना घरात कुणीतरी चूल पेटवतच होतं, पोरं वाढवतच होतं. मावळ्यांच्या घरीही तसंच. तुरुंगवास एकट्याचा कधीच नसतो. निम्मी शिक्षा बाहेरची बाई भोगते.

म्हणून बापटांकडून घ्यायचं काय, असं कुणी विचारलं तर मी तीन गोष्टी सांगेन.

पहिली, उघडेपणा. जे करू ते तोंड लपवून करायचं नाही. रात्री जाऊन पाइप फोडला आणि सकाळी "आम्ही नाही" म्हटलं, तर मार खातो तो शेजारचा पोरगा, त्यातही जो गरीब, जो वेगळ्या जातीचा, वेगळ्या धर्माचा असेल तो. बापटांनी जबाबदारी कधी दुसऱ्यावर ढकलली नाही.

दुसरी, पाण्याचं, झाडूचं, घाणीचं काम कमी दर्जाचं न मानणं. लढ्यात सतरंजी कोण घालतं, चहा कोण करतं, भाषण कोण करतं, हे आपल्या संघटनेतही बघायला हवं. आपल्या सभांमध्ये माइक किती वेळा वस्तीतल्या बाईच्या हातात जातो?

तिसरी गोष्ट त्यांच्या शेवटापासून शिकायची. एकट्याने सगळं अंगावर घ्यायची वेळ येऊ द्यायची नाही. कुठलीही कृती ठरवताना आधी कागदावर लिहू या: अटक झाली तर कोण कोण जाणार, त्यांची मुलं कुणाकडे राहणार, वकील कोण, बुडालेली रोजी कुठून भरायची. हे लिहून झाल्यावरही पन्नास जणी तयार असतील, तर काहीही न फोडता रस्त्यावर नुसतं बसलं तरी पुरेल. पन्नास जणी तयार नसतील, तर आपलं काम फोडण्याचं नाही, पुन्हा घरोघर जाण्याचं आहे.

एक प्रस्ताव ठेवते. येत्या उन्हाळ्याच्या मोर्च्याआधी आपल्यातल्या दहा-बारा जणींनी काळूच्या खोऱ्यात जाऊन तिथल्या बायांबरोबर एक दिवस बसावं. आपल्या मागणीपत्रकात यंदा पहिली ओळ "नवं धरण बांधा" अशी नसावी. "आहे त्या पाण्याचा प्रभागवार हिशेब जाहीर करा, गळती किती आणि कुणाला किती ते सांगा" अशी असावी. आणि दुसरी ओळ त्यांच्याबरोबर बसून लिहावी. शहरातल्या आणि पाड्यावरच्या बायांच्या सह्या एकाच कागदावर आल्या, तर "भगिनी तहानल्या आहेत" म्हणून आपला हंडा कुणाला वापरता येणार नाही.

मुळशीच्या बायांना पुण्या-मुंबईतल्या बायांची अशी सही मिळाली नव्हती. गिरणीत त्याच विजेवर तासन्‌तास उभी राहणारी कामकरीण आणि घर बुडणारी मावळण, या दोघी एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. आपल्याकडे मुरबाडची एस.टी. कल्याण स्थानकाबाहेरून सुटते. कोण कोण येणार, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नावं द्या. स्वतःची नावं द्या, नवऱ्याची नकोत.